गगनवीराच्या नावाची मूठ

ती. रुक्मिणीआक्का यांना,

भावजय शोभाचा दोन्ही हात जोडून, आणि कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

आक्का, आधी तुमच्या गुडघ्याचं सांगा. डाव्याचं दुखणं उजव्यात गेलं असं तुमचा धीरज फोनवर म्हणाला होता. ते तिथंच मुक्कामाला आहे की परत डाव्याकडे आलं? त्या गुडघ्यापायी यंदा तुम्हाला श्रावणात कानबाई देवीच्या सणाला येता आलं नाही, आणि तुम्ही नसलात की या घरात काय होतं ते पुढे येईलच. दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? नवं भिंग बसवल्यापासून त्यांना लांबचं दिसतं आणि जवळचं दिसत नाही म्हणे. (आमच्या सिनेमांत असा डोळा बसवला की माणसाला भिंतीपलीकडचं दिसतं. दाजींना निदान पुढ्यातली बशी दिसू दे.) त्यांची साखर आटोक्यात आहे का, की तुम्ही देवळात गेलात की ते अजूनही लाडवाच्या डब्यापाशी जातात? धीरजची कंबर कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून कंबर दुखते हे मला पटत नाही, पण तो म्हणतो तर दुखत असेल. हेमांगीला सांगा, उपाशीपोटी चहा बंद केल्याशिवाय पित्त जाणार नाही. आणि छोट्या रुपाचे पुढचे दात आले का? नसतील आले तर येतील, घाई करू नका.

इकडे सगळे खुशाल आहेत. यांचा (म्हणजे तुमच्या भिलाभाऊंचा) खोकला गेला. आमचा भाग्येश नाशकाहून कानबाईपुरता आला, दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी मोबाईल चार्जरसकट परत गेला. रोहिणी, म्हणजे तुमची धाकटी भावजय, खाऊनपिऊन सुखी आहे. राहता राहिले हिलालभाऊ. तेही तसे ठणठणीत आहेत. फक्त माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, फोन असताना शोभा कागद का काळे करते आहे? त्याचं असं आहे, तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतात, म्हणजे मी जे बोलेन ते सुरतेतल्या अर्ध्या उधन्याला कळणार. आणि आमच्याकडे दोन्ही घरांत मिळून भिंत एक. तिच्या पलीकडे हिलालभाऊंची खाट, आणि त्यांचे कान कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजारचा लखन उद्या सकाळच्या गाडीनं सुरतेला कामावर परततो आहे, त्याच्या हाती हे देते.

आता मुद्द्यावर येते. पण मुद्द्यावर यायचं तर टीव्हीवरून यावं लागतं, आणि टीव्ही तुमचा. धीरजनं भिंतभर मोठा टीव्ही घेतला आणि जुना आमच्याकडे टेंपोतून पाठवला, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, शोभा, आता सुखानं मालिका पाहा? पाहिल्या मालिका. त्यातल्या सासवा पाहून मला स्वतःचीच भीती वाटायला लागली, तेव्हा बंद केल्या. मग एका दुपारी बटण चुकलं आणि गगनवीर भेटला. आक्का, काय सांगू! इंग्रजी सिनेमा, पण सगळे गोरे आपल्यासारखे हिंदी बोलतात. हा गगनवीर एका शास्त्रज्ञानं काचेच्या बरणीत वाढवलेला मुलगा. (आपण कैरी मुरवतो तशी मोठी बरणी.) आई नाही, बाप नाही, पण स्वभावानं इतका चांगला, की आईबापाच्या हाताखाली वाढलेल्यांनी लाजावं. त्याची करामत एकच, पडणारी वस्तू तो तळहातावर झेलतो. पूल झेलतो, आगगाडी झेलतो, चौथ्या भागात तर पाण्याची टाकी झेलली, आणि थेंब सांडला नाही. मला आपल्या गावच्या टाकीची आठवण आली. ती पडली तर कोण झेलणार आहे?

या सिनेमांचे सात भाग मी पाहिले, काही दोनदा पाहिले, त्यामुळे थोडं बोलायचा मला हक्क आहे. पहिली गोष्ट म्हणजे, जगबुडी दर भागात येते आणि दर वेळी त्याच एका शहरात येते. अंतराळातून कोट्यवधी मैल चालून आलेला राक्षस कधी चुकूनही तळोद्याला उतरत नाही. (आला असता तर जीपवाल्यांनी त्याला आत दाबून बसवलं असतं, आणखी दोन सवाऱ्या आल्याशिवाय गाडी हलली नसती, आणि तेवढ्यात त्याचा राग उतरला असता.) दुसरं, राक्षस समोरच्याला बांधून घालतो आणि मारायचं सोडून स्वतःचा बेत पहिल्यापासून सांगत बसतो, तोवर दोर सुटतो. तिसरं, गावभर इमारती पाडून झाल्या की हे वीर आकाशात निघून जातात. पंचनाम्याला कोण थांबणार? तलाठी कुठे दिसतच नाही. चौथं, मेलेला माणूस मेला म्हणून आपण रडावं तर पुढच्या भागात तो दाढी वाढवून हजर. मी पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा थोडं रडले, आता कोणी मेलं की मी उठून कुकर लावते. आणि शेवटचं, आक्का, सातही भागांत मी एकाही माणसाला पोटभर जेवताना पाहिलं नाही. भांडणं होणार नाहीत तर काय होईल?

पण म्हणून मी त्याला सोडला नाही. घरचं माणूस बावळट निघालं म्हणून काय आपण सोडतो?

आता हिलालभाऊ. त्यांचं दुपारचं काम मिरचीचा मोसम सोडला की आमच्या सोफ्याचा डावा कोपरा. पहिल्या दिवशी ते दारातूनच हसले होते, "वहिनी, या वयमा कार्टून दखतीस का?" आणि दारातून हसता हसता अख्खा सिनेमा पाहिला. पण त्यांना गगनवीर मानवला नाही. त्यांनी आपला वेगळा देव बसवला, तो म्हणजे 'सप्तग्रह' नावाची मालिका आणि तिच्यातला कप्तान ओर्विक. सात ग्रहांवर सात घराणी, आणि सगळ्यांचं भांडण पाण्याच्या एका विहिरीवरून. मी म्हटलं, हे पाहायला टीव्ही कशाला, मागच्या शिवारात जाऊन उभं राहा. पण त्यात एक लाल ग्रह आहे, आणि तो हुबेहूब नंदुरबारच्या मिरची वाळत घालायच्या पथारीसारखा दिसतो. लांबवर लाल जमीन, वर पांढरं ऊन, आणि तोंडाला फडकी बांधून फिरणारी माणसं. तिथंच हिलालभाऊंचं मन बसलं. "हाऊ तर आपला धंदा शे!" म्हणाले, आणि तेव्हापासून ओर्विक त्यांचा सख्खा.

त्या सप्तग्रहाची तऱ्हा अशी, की आधी मधला भाग आला, मग शेवटचा, मग ओर्विकच्या आज्याचं लहानपण. विचारलं की हिलालभाऊ मला तासभर समजावतात. मी म्हणते, माणसाला आधी म्हातारा दाखवून मग पाळण्यात घालायचा ही कुठली रीत? ते म्हणतात, वहिनी, तुम्हना बरणीमाधला पोऱ्यापेक्षा बरं. मी म्हणते, तुमच्या ओर्विकचा गणवेश एवढ्या लढाईत मळत कसा नाही, त्याला बाई कोण धुऊन देते? ते म्हणतात, तुम्हना गगनवीरले बाहेरून चड्डी कोन घालस? (तो घालत नाही, आक्का. तो पट्टा आहे.) रोज दुपारी आमचं हे असं चालायचं. मधल्या खाटेवर हे पडलेले असायचे. बॉम्ब फुटले की यांना झोप लागते, आणि शांत प्रसंग आला की जाग येते. उठून सिनेमा संपला का एवढंच विचारतात, "सरनं का?"

असं आमचं बरं चाललं होतं. आणि आला कानबाईचा शनिवार.

तुम्हाला माहीत असलेली रीत मी तुम्हाला सांगू नये, पण तुम्ही हे पत्र हेमांगीला वाचायला लावणार आणि तिचं माहेर लांबचं, म्हणून तिच्यासाठी लिहिते. कानबाईचे रोट करायचे तर आदल्या दिवशी घरच्या थोरलीनं सूप पुढे घेऊन घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकायचा. तोच गहू दळायचा, त्याच पिठाचे रोट, म्हणजे पुरण भरलेल्या पोळ्या, आणि त्या खायच्या फक्त भाऊबंदांनी. परक्याला त्यातला तुकडा नाही, आणि पीठ राखीपौर्णिमेपर्यंत संपलं पाहिजे. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरचा. वर्षातून हा एकच दिवस मी यांचं नाव मोठ्यानं घेते, त्यामुळे मला आधीच थोडं लाजल्यासारखं होतं, आणि सगळं लक्ष तिकडेच लागलेलं असतं. एरवी तुम्ही शेजारी बसून पुढचं नाव सुचवता. यंदा तुम्ही नव्हतात, टीव्ही होता.

चूक माझी एवढीच, की मी टीव्ही बंद केला नाही. पाचवा भाग चालू होता आणि पूल पडायला आला होता. हिलालभाऊ कोपऱ्यात बसून मुद्दाम म्हणत होते, "आज पडस हाऊ. आज तुम्हना पोऱ्याना हात मोडस." मी इकडे सूप घेऊन बसलेली. देवीला हात जोडले, यांचं नाव घेतलं, मूठ टाकली. थोरल्याच्या मागोमाग धाकट्या भावाची पाळी, मूठ भरली, हात वर नेला, आणि तिकडे पूल सुटला, वर शाळेची बस, आत पोरं, आणि गगनवीर अजून ढगातच! माझ्या तोंडून निघालं, "गगनवीर!" आणि मूठ सुपात पडली.

बस वाचली, आक्का. तेवढं एक बरं झालं.

रोहिणीनं तोंडाला पदर लावला, ती हसते आहे की घाबरली आहे ते कळेना. हिलालभाऊ उठून उभे राहिले. "वहिनी, मन्ही मूठ तुम्ही त्या बरणीमाधला पोऱ्याले टाकी दिनी?" मी म्हटलं, भाऊ, जीभ घसरली, ही घ्या तुमची, लगेच टाकते. तर म्हणाले, "आते नको. पहिलं त्यानं नाव, मंग मन्हं? मी काय उरेलसुरेल शे?" मी म्हटलं, पडलेली मूठ उचलून परत घेते. तर दारात उभ्या असलेल्या सुंदरबाई म्हणाल्या, नाव घेऊन टाकलेली मूठ उचलत नाहीत. (या सुंदरबाईला साखर मागायला नेमकी तीच वेळ सापडते.) तेव्हा हिलालभाऊ दारापर्यंत गेले, वळले, आणि जे बोलले ते मला अजून लागतं आहे. म्हणाले, "ओर्विकना नावनी टाकती तरी मी समजी लेतू."

मग भाऊबंदांतले सगळ्यांत जुन्या वीरसिंगबाबांना बोलावलं. त्यांनी काठी टेकून सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हाऊ गगनवीर कोना पोऱ्या?" मी म्हटलं, कोणाचाच नाही, बरणीत झाला. "कूळ?" नाही. "देवक?" बाबा, बरणीला देवक कुठलं? त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं हसून सोडून देतील, पण मनुष्य न्यायाला बसला की त्याला हसू येत नाही. शेवटी म्हणाले, तो भाऊबंद नाही, म्हणून त्याच्या नावाचे रोट त्याला देता येत नाहीत. आणि त्याच्या नावाचे आहेत, म्हणून दुसऱ्या कोणालाही देता येत नाहीत. तेवढा गहू वेगळा दळून पीठ वेगळ्या डब्यात ठेवा. मी विचारलं, आणि पौर्णिमेपर्यंत संपलं नाही तर? म्हणाले, तर घरात एक मूठ परकी राहिली असं होईल, आणि ज्याची मूठ पडली नाही तो पुढच्या वर्षी आपली कानबाई वेगळी बसवील. मग सुंदरबाई म्हणाल्या, त्या गगनवीराला फोन करून बोलावून घ्या, घरात एवढे मोबाईल आहेत. ही गावाची मदत.

हसू नका, आक्का. सासूबाईंनी जाताना तुमच्यासमोर सांगितलं होतं, चुली दोन झाल्या तर होऊ देत, कानबाई एक ठेवा. आमच्या चुली दोन झाल्या, मीटर दोन झाले, नळ दोन झाले. एक कानबाई तेवढी राहिली होती, आणि ती मी एका बरणीतल्या पोरापायी घालवते आहे की काय, या विचारानं मला घास गोड लागत नाही. रविवारी देवी बसली, बाया गाणी म्हणायला आल्या, पानावर रोट वाढले, रोहिणी आणि पोरं जेवली, हिलालभाऊ आले नाहीत. सोमवारी नदीवर देवी वाजतगाजत निघाली. दर वर्षी सगळ्यांत पुढे तेच नाचतात, दोन्ही हात वर करून, मिरचीच्या पोत्याखाली सापडल्यासारखे. यंदा ते ओट्यावर उभे राहिले. देवी समोरून गेली तेव्हा हात जोडले, आणि माझ्याकडे पाहून परत सोडले.

तेव्हापासून सोफ्याचा डावा कोपरा रिकामा आहे. मी गगनवीर लावते, पण त्याला शिव्या द्यायला कोणी नाही. पूल पडतो, तो झेलतो, मी म्हणते बरं झालं, आणि बंद करते. यांना विचारलं, तुम्ही तरी भावाशी बोला. तर म्हणाले, "तुम्हना दोन्हीसना कज्या, मी मधमा काय बोलू?" आणि कूस बदलली. एवढ्या मोठ्या सात भागांत मी एक पाहिलं आहे, जगावर संकट आलं तरी ते वीर आधी एकमेकांशीच भांडतात, आणि राक्षस बिचारा ताटकळत उभा राहतो. मला तेव्हा ते खोटं वाटायचं.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. पाऊसपाणी बरं आहे. कापूस गुडघ्याएवढा झाला आहे. दाजींना नमस्कार, धीरज-हेमांगीला आशीर्वाद, रुपाला गोड पापा. तुमच्या गुडघ्याला त्रास देण्याची माझी मुळीच इच्छा नाही, घरी बसून आराम करावा.

तुमची भावजय,
शोभा

ता. क. : वर आराम करा असं लिहिलं ते रीत म्हणून लिहिलं. गुडघा सोबत घेऊन या. राखीला दोन्ही भावांना एका पाटावर बसवून राखी बांधा, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तुमच्या हातानं हिलालभाऊंच्या नावाची सव्वा मूठ टाका. थोरल्या बहिणीनं टाकलेली मूठ पहिली की दुसरी हे वीरसिंगबाबासुद्धा विचारणार नाहीत, मी त्यांना तसं आडून विचारून ठेवलं आहे. त्याच गव्हाचे रोट दुपारपर्यंत होतील. लखनचं परत यायचं तिकीट राखीच्या आदल्या दिवसाचं आहे, तो तुम्हाला नंदुरबारला धरून उतरवील, पुढे रिक्षा सांगून ठेवते.

ता. क. दुसरा : लखन अजून आलेला नाही, म्हणून लिहिते. काल भिंतीपलीकडे बारीक आवाजात सप्तग्रह चालला होता. आवाज नुसता ऐकून काही कळेना, म्हणून मीही इकडे तोच भाग लावला, आवाज बंद करून. त्यांचा आवाज, माझं चित्र. आक्का, तो ओर्विक बरा आहे हो. आज्याच्या प्रेतापाशी बसून तो एक शब्द बोलत नाही, तेव्हा मी कुकर लावायला उठले नाही. हे हिलालभाऊंना कळता कामा नये.

ता. क. तिसरा : लखन दारात उभा आहे, पण हे लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही. आत्ता गगनवीराच्या पिठाचा डबा पाहिला, तर तळाशी जेमतेम चिमूटभर उरलं आहे. उंदरानं खाल्लं म्हणावं तर उंदीर झाकण परत घट्ट लावत नाही. रोहिणी गेले चार दिवस चाळणी मागायला येते आहे, आणि हिलालभाऊंच्या ओट्यावर रोट भाजायचं खापर धुऊन पालथं घातलेलं असतं. दुपारच्या वेळी भिंतीतून पुरणाचा वास येतो. रोहिणीला धरलं तर म्हणाली, "मना गळानी आन, जेठाणीबाई, कोनले सांगू नका. रोज सांजले इचारतस, त्या पोऱ्यानं पीठ सरनं का?" म्हणजे आक्का, तुमचा धाकटा भाऊ कानबाई वेगळी होऊ नये म्हणून भिंतीआड बसून रोज वैऱ्याच्या नावाचा एवढुसा रोट संपवतो आहे, आणि सकाळी मला पाहून मान फिरवतो. आता तो कबूल करणार नाही, कारण ज्याच्या नावाचे रोट ते त्यानंच खायचे, म्हणजे कबूल केलं तर गगनवीर तोच ठरतो. मीही विचारणार नाही. तुम्ही तर मुळीच विचारू नका. नुसत्या या, मूठ टाका, आणि त्याला एवढंच म्हणा, हिलाल, शोभाच्या घरी चल, कोपरा धूळ खातो आहे. पोट भरलेलं असलं तरी त्या दिवशी मी त्याला त्याच्या स्वतःच्या नावाचे दोन रोट जास्त वाढीन, आणि ते त्यानं सगळ्यांसमोर खावेत. येता की नाही ते दोन ओळींत लिहून लखनच्या ओळखीच्या कोणाच्याही हाती लगोलग पाठवा. फोन करू नका, भिंत ऐकते आहे.